पिसवेला दोन टोपणं

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सन एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या पितृपक्षात नाशिकच्या कडेला, मखमलाबाद रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या घरावर शत्रूने चाल केली. शत्रूची उंची तिळाएवढी होती. त्याला पंख नव्हते, पण चिमटीत सापडला म्हणेपर्यंत तो कोपरावर पोचलेला असायचा. लोक त्याला पिसू म्हणतात.

एरवी पिसवांना आम्ही घाबरलो नसतो. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, दीड एकरात झेंडू आणि शेवंती लावायचे आणि पंचवटीत नेऊन विकायचे. मातीत राबणाऱ्याला काहीतरी चावतच असतं. पण त्या वर्षी सुरतेत प्लेग निघाला. सुरतेच्या गाड्या नाशकात रोज येत, त्यामुळे प्लेगही तिकीट काढून येणार याबद्दल कोणाला शंका नव्हती. लोक तोंडाला रुमाल बांधून कोथिंबिरीचा भाव करत होते.

शेजारी एक निवृत्त मास्तर राहायचे. रोज सकाळी आमच्या ओट्यावर बसून ते पेपर मोठ्याने वाचत. बातमी जितकी वाईट तितका आवाज चढा. प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो, हे त्यांनी दोनदा वाचलं. मग चष्मा कपाळावर सरकवून आमच्या कुत्रीकडे पाहिलं.

कुत्री तांबड्या रंगाची, एक कान मोडलेला. श्रावणापासून ती खाजवत होती. शेपटीच्या मुळाशी केस उरले नव्हते, कातडी लाल होऊन ओली झाली होती, आणि तरी ती दातांनी तिथलंच कुरतडत बसायची.

"फुलवाले, हिला काय झालंय?"

"खरूज हाय. दुसरं काय," दादा म्हणाले.

"खरूज उड्या मारते का हो? ही बघा, माझ्या धोतरावर आली."

मास्तर उठले ते थेट घरी. त्या दिवसापासून त्यांनी पेपर स्वतःच्या अंगणातून ओरडून वाचायला सुरुवात केली. ऐकायला आम्हाला काही अडचण नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाकरी मोडता मोडता दादा म्हणाले, "उद्या हिला त्र्यंबकला सोडून येतो. देवळापाशी खायला मिळतं. घरात लेकरं हायेत, जीव धोक्यात घालायचा नाय."

मी बारावीला होते, विज्ञान शाखेला, आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. माझ्या हातात एक दुपार होती. तेवढ्यात पिसवा संपवायच्या, की कुत्री घरात राहील.

आता या अपराधाची पद्धत सांगते. फुलाच्या शेतात औषध मोजायला माप नसतं. बाटलीचं टोपण हेच माप. पानांवरच्या माव्याच्या किडीला फवारणीच्या पंपामागे एक टोपण, अळीला दीड. त्या सकाळी दादांनी झेंडूवर फवारणी केली होती आणि पंपाच्या तळाशी तांब्याभर पाणी उरलं होतं. मी विचार केला, मावा मऊ असतो, तो एका टोपणात मरतो. पिसू नखाखाली धरली तरी फुटत नाही. तिला दोन टोपणं तरी हवीत. पंपभर पाण्याचं माप मी तांब्याभर पाण्यात ओतलं, हे गणित माझ्या लक्षात आलं नाही. जुन्या फडक्याने ते सगळं तिच्या अंगाला चोळलं. शेपटीच्या मुळाशी, जिथे कातडी सोललेली होती, तिथे तर दोनदा चोळलं. ती शहाण्यासारखी उभी राहिली. मधूनमधून माझा हात चाटत होती.

पिसवा मेल्या. फरशीवर तिळासारख्या पडल्या. मला इतका आनंद झाला की मी आईला दाखवायला हाक मारणार होते. तेवढ्यात कुत्रीच्या तोंडातून लाळेची तार लोंबली. मग दुसरी. मांड्या थरथरायला लागल्या. ती माझ्याकडे यायला निघाली आणि मागचे पाय वेगळ्याच दिशेला गेले.

मी किंचाळले असेन, कारण दादा वाफ्यातून पळत आले. त्यांनी फुलांची मोठी पाटी रिकामी केली, तिच्यात कुत्रीला ठेवलं, पाटी माझ्या मांडीवर दिली आणि मोटरसायकलला किक मारली. जनावरांचा दवाखाना पंचवटीच्या पलीकडे. भर गर्दीच्या वेळी बाजारातून आम्ही चाललो होतो आणि पाटीतून फेस आलेलं तोंड बाहेर लोंबत होतं. प्लेगच्या दिवसांत हे दृश्य पाहून भाजीवाल्या गाड्या सोडून भिंतीला चिकटल्या. त्या रस्त्यावर अशी मोकळी वाट मला पुन्हा कधी मिळाली नाही. मी तिच्या बरगड्यांवर हात ठेवून श्वास मोजत होते, आणि दोन श्वासांमधलं अंतर वाढत होतं.

डॉक्टरांनी बॅटरी मारून तिचे डोळे पाहिले. "बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. काय लावलंय हिला?"

"काय नाय लावलं, साहेब. सकाळी भाकर खाल्ली," दादा म्हणाले.

"भाकरीने असं होत नाही. कोणतं इंजेक्शन द्यायचं ते त्यावर ठरणार आहे. लवकर सांगा."

खरं सांगितलं तर दादा काय करतील, नाही सांगितलं तर ही जाईल. "झेंडूचं औषध," मी म्हणाले. "दोन टोपणं. तांब्याभर पाण्यात."

दादांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याची मला जास्त भीती वाटली.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, मला कोपरापर्यंत साबणाने हात धुवायला लावले, आणि दादांना रबरी हातमोजे देऊन कुत्रीला नळाखाली धुवायला सांगितलं. दादांनी तिला तीन वेळा साबण लावला. एका हाताने मान वर धरून ठेवली होती, नाकात पाणी जाऊ नये म्हणून. मग व्हरांड्यात पोत्यावर तिला आडवं केलं आणि आम्ही दोघं दोन बाजूंना बसलो. डॉक्टर अधूनमधून येऊन लाळ सुकली का ते तिच्या हिरड्यांना बोट लावून बघायचे, पुन्हा थोडं इंजेक्शन द्यायचे आणि परत जायचे. चार वाजले. साडेचार वाजले. लाळ थांबत होती, पण ती डोळे उघडत नव्हती.

पाचच्या सुमाराला डॉक्टरांनी ओल्या कापसाने तिच्या शेपटीजवळचे काळे कण टिपले. कापसावर कणांभोवती लालसर डाग पसरला. "ही पिसवेची विष्ठा. म्हणजे हिचंच रक्त. हिला पिसवेच्या लाळेची ॲलर्जी आहे. दुसऱ्या कुत्र्याला पन्नास चावल्या तरी चालतं, हिला एक चावली की आठवडाभर खाज."

"प्लेग नाय?" दादांनी हळूच विचारलं.

"नाही हो. झोपते कुठे ही?"

दादा तिच्याखालचं पोतं सरळ करायला लागले. मी सांगितलं, "दादांच्या खाटेखाली. पोत्यांवर."

"मग शत्रूची छावणी तिथे आहे. अंगावर दिसतात त्या थोड्या. अंडी, अळ्या सगळ्या पोत्यांत आणि फटींत." आणि मग त्यांची नजर दादांच्या पायांकडे गेली. दादा एका टाचेने दुसरी पोटरी घासत होते. महिनाभर ते आम्हाला सांगत होते की उष्णता झालीय.

त्याच वेळी कुत्रीने डोळे उघडले. मान उचलली, पुन्हा टाकली, पुन्हा उचलली. डॉक्टरांनी बाहुल्या पाहिल्या आणि पहिल्यांदा हसले. "वाचेल. पण आता नीट ऐका. पोती जाळायची. अंथरूण उकळत्या पाण्यात. फटी रोज झाडायच्या. मी देतो तीच पावडर, मी सांगतो तेवढीच, आणि दर पंधरा दिवसांनी इथे आणायचं. दिवाळीपर्यंत तरी चालेल हे. झेपणार नसेल तर आत्ताच सांगा."

आता मानेवर टाकायचे थेंब मिळतात, महिनाभराची निश्चिंती. तेव्हा तसलं काही नव्हतं. मी श्वास रोखून दादांकडे पाहत होते. शेळी घेऊन आलेली एक बाई आणि दोन बैलवालेही पाहत होते. दादा हातातल्या ओल्या मोज्यांकडे बघत बसले होते. मग एकदम, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले:

"न झेपून कसं चालंल, साहेब? घरात हिच्याबिगर माझं ऐकतंय कोण?"