द्राक्षांच्या लेबलाखालची लग्नं

"आरं म्हस न्हवं रं! लगीन काढ, लगीन!"

मामा एवढ्या मोठ्यानं ओरडला की तासगावच्या स्टँडावरची एसटी, कंडक्टरनं घंटी दिली असं समजून, निम्मी माणसं खाली ठेवूनच सुटली म्हणतात. मी कॉम्प्युटरपुढं बसलो होतो. मामाच्या हातात लाल उजेडाचा स्कॅनर होता, सोफ्यावर साताऱ्याचे पाव्हणे होते, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठळक अक्षरांत आलं होतं: म्हशीचं बाळंतपण.

पाव्हणे माझ्या धाकट्या मामेबहिणीला बघायला आले होते. बघणं आपलं नावाला. मुलगा पाचगणीच्या एका शाळेत मास्तर. मैत्रिणीच्या लग्नात दोघांनी एकमेकांना बघून ठेवलेलं. आधीची सगळी स्थळं तिनं उडवून लावली होती, आणि हे हुकलं तर लग्नच करणार नाही, असं मामीला बजावलं होतं. अडचण एकच. मुलाचे वडील. पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार. ते सरहद्दीवर नुसते उभे राहिले, तर समोरची फौज त्यांच्या मिशा बघून जेवायला घरी जायची. पोह्यांची बशी हातात आल्या आल्या त्यांनी हुकूम सोडला, "थोरलीच्या लग्नाची कॅशेट दावा. मानपान कसा करता, बगू तरी."

दुसऱ्या कुणी कॅसेट उचलून लावली असती. पण मामाकडं कॉम्प्युटर होता.

त्याचं असं झालं. द्राक्षाला चांगला भाव आला त्या साली मामानं व्हिडिओ कॅमेरा घेतला. तेव्हापासून तालुक्यात काही हललं की मामा शूटिंगला हजर. लग्न, बारसं, बोअरला लागलेलं पाणी, शेजाऱ्यांची भांडणं. शेजारी तर पुढं पुढं कॅमेरा आल्याशिवाय भांडण सुरूच करत नसत. कॅसेटींनी कपाट भरलं, मग माळा भरला, मग ज्वारीच्या कणग्या. "आता ज्वारी काय तुमच्या डोक्यावर ठिवू?" असं मामीनं विचारल्यावर सांगलीत कॉम्प्युटरचा क्लास केलेल्या मला बोलावणं आलं. कॉम्प्युटर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, गोधडीत गुंडाळून, बाळंतीण आणावी तसा आणला. द्राक्षं परदेशी धाडणाऱ्या एका व्यापाऱ्यानं जुना स्कॅनर दिला. मी प्रोग्रॅम लिहिला: कॅसेटवरच्या बारकोडवर उजेड पाडायचा, एकदा नाव टाइप करायचं, की पुढं कधीही उजेड पाडला तरी नाव पडद्यावर.

बारकोड कुठून आणायचे? मामाकडं उत्तर तयार होतं. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांच्या डब्यांवरची लेबलं. अख्खं भेंडोळं उरलेलं. मामानं प्रत्येक कॅसेटला हौसेनं एकेक लेबल डकवलं आणि जुनी कागदी नावं नखानं खरवडून टाकली. "मशीन वळखतंय म्हटल्यावर कागुद कशाला?"

"मामा, आवं ह्या रेघा सगळ्या सारख्याच दिसत्यात," मी म्हटलं.

"मेंढरंबी तुला सारखीच दिसत्यात. जतच्या धनगराला इचार जा."

मी गुमान एकेक नाव टाइप करायला बसलो.

आता द्राक्ष एक, डबा एक, म्हणून सगळ्या लेबलांवर नंबरही एकच. प्रत्येक नवं नाव आधीच्या नावावर जाऊन बसलं. सगळ्यात शेवटी आम्ही नोंदवलं होतं म्हशीचं बाळंतपण. त्यामुळं मामा कुठलीही कॅसेट धरो, पडद्यावर म्हैसच.

"किती म्हशी हायत तुमच्याकडं?" सुभेदारांनी विचारलं.

"एकच."

"लय व्याली मग."

मामेबहीण चहाचा ट्रे धरून दारात उभी होती. मामी आतून दबक्या आवाजात गरजली, "आवं, ते मशीन घाला चुलीत आन् हातानं लावा एकादी!"

मामानं डोळे मिटून एक कॅसेट उचलली आणि व्हीसीआरमध्ये ढकलली.

टीव्हीवर हीच खोली आली. हाच सोफा. मागच्या स्थळाचे पाव्हणे गेल्यावर मामानं केलेलं शूटिंग. सोफ्यावर खुद्द आमची नवरी मुलगी, डोक्याला टॉवेलचा फेटा, ओठावर काजळाच्या मिशा, त्या मुलाच्या बापाची नक्कल करत बसलेली. बशीतला चहा अशी फुंकत होती की खिडकीचे पडदे उडत होते. "पोरीला चालून दावा. जरा पळून दावा. नारळीवर चढती का?" असं म्हणत ती पोह्यातले शेंगदाणे वेचून बशीच्या काठावर लावत होती, जवान परेडला उभे करावेत तसे. मागं मामी हसून हसून भिंतीला धरून उभी, आणि मी तर पार आडवा.

मामा रिमोट शोधायला सोफ्याखाली शिरला तो तिथंच राहिला. मामेबहिणीचा चेहरा चुन्यासारखा पांढरा.

सुभेदारांनी टीव्हीकडं बघितलं. मग हातातल्या बशीकडं. बशीच्या काठावर शेंगदाण्यांची सरळ रांग लागलेली होती.

आधी मिशीचं एक टोक हललं. मग दुसरं. मग जो गडगडाट सुरू झाला, तो ऐकून गावातली माणसं पाऊस आला म्हणून बेदाण्याच्या शेडकडं ताडपत्र्या घेऊन पळाली. सुभेदारांनी कॅसेट मागं घ्यायला लावून पुन्हा बघितली, डोळे पुसले आणि तिथंच सुपारी फोडायला सांगितली. मामा सोफ्याखालूनच "व्हय व्हय" म्हणाला.

निघताना जीपमध्ये एक पाय ठेवून ते थांबले. मामेबहिणीला जवळ बोलावलं आणि पुन्हा ती सरहद्दीवरची नजर तिच्यावर रोखली.

"का गं सूनबाई, आमची पाठ वळली की आमचीबी नक्कल काढणार न्हवं?"

ती पदर नीट करत म्हणाली, "शूटिंगला लाइट असली तर."