लायटरचं वय

शहापूरच्या बाजारात एक कारागीर जुने लायटर दुरुस्त करायचा. झाकण कानाशी खटखटवायचा, लायटर उलटा करायचा आणि तोंडावर त्याचं वय सांगायचा. लग्नात शपथ घेऊन ह्यांनी सिगारेट सोडलेली. त्यामुळे ह्यांच्या कपाटातला लायटर "बाबांचा, इंग्रजांच्या काळातला" हे मला पटलं. तो चकचकीत करून घ्यायला मी तोऱ्यात ह्यांनाही सोबत नेलं.

"सासऱ्यांचा नाय ओ वयनी. तेव्हाच्यात पेट्रोल नि कापूस. ह्याच्या तळाला गॅस भरायचं भोक हाय. हा तर काल-परवाचा!"

मग त्याने ह्यांचा चेहरा पाहिला.

"चुकलो वयनी. चष्मा घरी रायला. जुनाच हाय."

चष्मा त्याच्या नाकावरच होता. आणि मी शहाणी, वर्षभर त्याच लायटरने सासऱ्यांच्या फोटोपुढे उदबत्ती लावत होते.