दिवाळीत मी सात लाडू खाल्ले

गणपती उठले त्या आठवड्यात माझ्या तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा सहा पूर्णांक तीन आला. डॉक्टर म्हणाले, साडेसहाच्या आत राहिलात तर चालण्यावर आणि जेवणावर भागवू. वर गेलात तर गोळी, आणि ती बहुधा कायमची. पुढची तपासणी तुळशीच्या लग्नानंतर. म्हणजे मधे नवरात्र, दसरा, दिवाळी. घरी येऊन मी वही आखली. डावीकडं पावलं, उजवीकडं गोड.

आमच्या वडिलांचं गोळीपासूनच सुरू झालं आणि डावा पाय घोट्याच्या वर कापण्यापर्यंत गेलं. आप्पांनी बारा वर्षं बिनसाखरेचा चहा घेतला. पाय काढायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात खाटेवर बसून ते सांगत होते, "देवाशपथ, साखरंला हात लावला न्हाय मी." खोलीत आणखी चार पेशंट होते. त्या सगळ्यांसमोर मी म्हणालो, "आप्पा, आता तरी खोटं बोलू नका." ते भिंतीकडं तोंड करून झोपले. चोरून खायचं आणि वर शपथ घ्यायची, असा माणूस मला सहन होत नाही, मग तो बाप का असेना. माझं तसं होणार नव्हतं. मी लिहून ठेवतो.

रोज सकाळी रंकाळ्याची एक पूर्ण फेरी, माझ्या मोजणीनं साडेपाच हजार पावलं. तिथं आमच्या गल्लीतल्या पाच जणांचा गट भेटतो. बूट सगळ्यांचे नवे, पोटं सगळ्यांची जुनी. अर्धी फेरी झाली की ते कट्ट्यावर बसतात आणि कुणाच्या मनगटावरच्या घड्याळात किती पावलं झाली ते एकमेकांना दाखवतात. मग उठून मिसळ खायला जातात. कागल एमआयडीसीतून निवृत्त झालेला एक सुपरवायझर या गटाचा पुढारी. घाम येण्याआधी रुमाल काढणारा माणूस. मी मिसळीला नको म्हटलं की तो रोज तेच म्हणायचा.

"चाललाय न्हवं एवढं? मग जागा झाली की पोटात."

"तुम्ही अर्धीच फेरी मारलीय," मी म्हणायचो.

"अर्ध्या फेरीला अर्धी मिसळ. पर पाव पुरा."

यावर पाच माणसं पोट धरून हसायची. मी घरी यायचो, बिनसाखरेचा चहा घ्यायचो, त्याबरोबर मूठभर भडंग खायचो आणि वहीत उजवीकडं शून्य लिहायचो. दसऱ्यापर्यंत तिथं एकच आकडा आहे, अर्धी जिलेबी.

दिवाळीत फराळ झाल्यावर मी बायकोला सांगितलं, गोड घरात ठेवायचं नाही. चिवडा, चकली, शेव राहू दे, त्याचं काही नाही. लाडू आणि करंज्या वाटून टाक. तिनं ताटं भरली, वर रुमाल झाकले आणि शेजारी धाडली. एकतीस लाडू गेले. मोजून गेले.

पण आमच्याकडं ताट रिकामं परत करत नाहीत. रिकामं ताट दिलं तर जणू त्या घरावर अवकळा येईल. दोन दिवसांत सगळी ताटं परत आली आणि त्यांत अडतीस लाडू होते. मी तेही वाटायला लावले, तर तिसऱ्या दिवशी बेसनाचा एक लाडू आला ज्यावर दोन बेदाणे शेजारी शेजारी दाबलेले. तशी खूण फक्त आमच्या घरात करतात. म्हणजे कुणालाच खायचे नव्हते. अख्खी गल्ली एकमेकांच्या गळ्यात साखर मारत होती आणि त्याला आपुलकी म्हणत होती. दारात येणारी प्रत्येक बाई मात्र मलाच ऐकवायची, "एका लाडवानं काय हुतंय? वर्साचा सण हाय."

"एका घरात काही होत नाही," मी एकीला म्हणालो. "बारा घरांत बारा होतात."

ती बायकोकडं वळून म्हणाली, "काय गं, हे सणासुदीला बी शाळा घेतात व्हय?"

भाऊबीजेला नेसरीहून मेव्हणा आला. ताटातली चौथी करंजी तोंडात असताना त्यानं माझी वही उघडली.

"दाजी, आमच्या अक्कानं हातानं केलेलं तुम्ही लिवून खाताय? खाल्ल्यालं लिवायचं म्हंजे पोलिसात जबाब दिल्यागत झालं की."

"तुझं वजन किती?" मी विचारलं.

"शेतात गेल्यावर कमी हुतंय."

"शेतात कधी जातोस?"

तो हसला आणि पाचवी घेतली. बायकोनं चिवड्याचा डबा हलवून पाहिला आणि म्हणाली, "या डब्याला उंदीर लागलाय वाटतं. परवा भरला होता." मेव्हणाच, असं मला वाटलं. बोलून सुधारणारी ती जात नव्हे.

तुळशीचं लग्न झालं. मी रक्त देऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन दवाखान्यात गेलो. वहीची बेरीज पाठ होती: सात लाडू, तीन करंज्या, अर्धी जिलेबी, एकही फेरी चुकलेली नाही. रिपोर्ट बघायच्या आधी मी वहीच डॉक्टरांपुढं ठेवली. त्यांनी सगळी पानं उलटली.

"इतकं नीट कुणी लिहीत नाही," ते म्हणाले. मग रिपोर्ट माझ्याकडं वळवला. सहा पूर्णांक आठ.

मी म्हणालो, प्रयोगशाळेची चूक असेल.

"असू शकते. पुन्हा करू. चिवडा खाता?"

"चिवडा तिखट असतो."

"पोह्यांचा असतो ना? आणि चकली? भडंग?"

"तेही तिखटच."

डॉक्टर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. पोहे, चुरमुरे, पीठ यांची शेवटी साखरच होते, हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं, आणि मला ते काही नवं नव्हतं. शाळेत शिकलो होतो. मुलाला शिकवलंही होतं. फक्त तिखट लागतं ते साखरेत मोडत नाही, असं इथल्या हवेतच आहे, आणि मी तेवढीच हवा खाऊन मोठा झालेला.

दुसरी तपासणीही तेवढीच आली. त्या दिवशी घरी येऊन मी चिवड्याची मूठ वजनकाट्यावर ठेवली. पंचवीस ग्रॅम. सकाळी दोन मुठी, संध्याकाळी दोन. फराळ झाल्यापासून एकोणीस दिवस. एक किलो नऊशे ग्रॅम. उंदीर सापडला. दिवाळीआधीचं भडंग मी मोजूच शकलो नाही, कारण ते कुठं लिहिलेलं नव्हतं.

भडंगाचा हिशोब लावायला बघताना मला आप्पांचा सदरा आठवला. डाव्या खिशात कायम वर्तमानपत्राची पुडी असायची. कामावरून आले की खुर्चीत बसून, बिनसाखरेच्या चहाबरोबर, ते त्यातलं भडंग खायचे, आणि आम्ही जवळ गेलो की आमच्या तळहातावर थोडं सांडायचे. बारा वर्षं, रोज. साखरेला त्यांनी हात लावला नव्हता.

मी बायकोला म्हणालो, "आप्पा खोटं बोलत नव्हते."

ती ओट्याशी होती. तिनं मागं न बघता सांगितलं, "मामंजी कधीच खोटं बोलत नव्हते. तुम्हाला तेवढं वाटायचं."

मग तिनं उरलेला चिवडा ताटात ओतला, वर रुमाल झाकला आणि ताट सुपरवायझरच्या घरी द्यायला निघाली. मी वहीच्या उजव्या बाजूचं 'गोड' खोडलं. त्या जागी काय लिहावं ते सुचेना. गोळीचं पाकीट समोर होतं, त्यातली पहिली घेतली आणि रकाना तसाच ठेवला.