नंबर काय तुमचा?

बुटाच्या पॉलिशचा वास आला की मला उस्मानपुऱ्यातली ती चहाची टपरी आठवते. हवाई दलातून निवृत्त झालेले आम्ही चौघं रविवारी सकाळी तिथं जमायचो. एका रविवारी सिल्लोडकडचा एक म्हातारा आला आणि म्हणाला, "मी बी एअर फोर्सचाच." त्याचे बूट निवृत्त माणसाच्या मानानं नको तितके चकचकीत होते, मला तिथंच शंका आली. आमच्यात ज्याचा सर्व्हिस नंबर सगळ्यात जुना त्याला खुर्ची, बाकीच्यांना बाकडं. म्हणून मी गोडीत विचारलं, "दादा, नंबर काय तुमचा?" तो गडबडला. दोन आकडे बोलून थांबला. "लई वर्सं झाली, ध्यानात येत नाय." आम्ही एकमेकांकडं बघितलं. माणूस बायकोचं नाव विसरेल, पण नंबर कुणी विसरतं व्हय? भरती झाल्यापासून तो आमच्या ट्रंकेवर, मगावर, चड्डीवरसुद्धा लिहिलेला असायचा. हा तोतयाच असणार. शेवटी आमच्या चौघांतले, खुर्चीत बसलेले, एकेकाळी कवायत घेणारे ड्रिल इन्स्ट्रक्टर कडाडले, "नंबर!" म्हाताऱ्याच्या टाचा खाडकन जुळल्या, हातातला चहा सांडला आणि अख्खा नंबर एका दमात बाहेर पडला. आम्हा सगळ्यांपेक्षा जुना. इन्स्ट्रक्टर खुर्चीवरून उठले. परवा माजी सैनिकांच्या दवाखान्यातल्या पोरीनं हसून माझा सर्व्हिस नंबर विचारला आणि मला एकही आकडा आठवेना. तो आम्हाला कुणी कधी प्रेमानं विचारलाच नव्हता.