ड्रायव्हरच्या चिकटलेल्या किडन्या

सतरा वर्षं शहराची बस चालवणाऱ्या या गृहस्थाचा एकच नियम होता: ड्यूटीवर पाण्याचा घोट घ्यायचा नाही. पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत सव्वा तास, मधे मुतारी नाही. प्यायलं की पंचाईत. तिसरा मूतखडा झाला तेव्हा बायको भडकली. "भरलेली बाटली नेता, भरलेलीच परत आणता. फिरायला नेता का तिला?"

डेपोचे साहेबही वैतागले. चालत्या बसमध्ये कळ आली तर? खडा काढा, सहा महिन्यांनी स्वच्छ रिपोर्ट आणा, नाहीतर खिडकीत बसून पास द्या. पास! त्यापेक्षा त्याला बसखाली झोपणं परवडलं असतं.

स्कॅनमध्ये भलतंच निघालं. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "तुमच्या दोन्ही किडन्या खालच्या टोकाला चिकटल्यात. जन्मापासून. घोड्याच्या नालासारखा आकार. लघवीच्या नळ्या त्या जोडावरून वळसा घेऊन उतरतात. निचरा सावकाश होतो, म्हणून खडे धरतात."

"म्हणजे माझी चूक नाही?"

"घडणीत नाही, पण..."

'पण'च्या पुढचं त्याने ऐकलंच नाही. दुर्बिणीतून खडा निघाला आणि हा स्कॅनची फिल्म झेंड्यासारखी मिरवत घरी आला. शेजाऱ्यांना दाखवली, इस्त्रीवाल्याला दाखवली. बायकोला म्हणाला, "इतकी वर्षं डोकं खाल्लंस. आता बोल!" मग मोर्चा आईकडे. जन्मभर शिवणकाम केलेली ऐंशीची म्हातारी. "आई, हे तुझं काम."

म्हातारीने चष्मा चढवला. "डोळे, कान, दहा बोटं, सगळं मापात दिलं. एक टाका जास्त पडला, तर पन्नास वर्षांनी तक्रार घेऊन आलास होय रे?"

निर्दोष सुटलेल्या माणसाने पाणी का प्यावं? बाटली पुन्हा भरलेली घरी येऊ लागली. तीन महिन्यांनी तपासणीला गेला तर किडनीत बारीक वाळू.

"पण ते जन्मजात आहे ना?" त्याने फुशारकीने विचारलं.

"निचरा आधीच मंद, त्यात तुम्ही पाणी तोडलंत," बाई कडाडल्या. "घडण बदलता येत नाही, पाणी पिता येतं. पुढच्या वेळी जे दिसेल ते मी लिहीन. बसा मग पास देत."

आता मात्र स्वारी ताळ्यावर आली. नवव्या थांब्याजवळच्या पेट्रोल पंपवाल्याला गळ घालून त्याने तिथल्या मुतारीची सोय करून घेतली. पहिल्या दिवशी बस थांबवून तो उतरला तर प्रवाशांनी गिल्ला केला.

"ज्यांना घाई असेल त्यांनी चालायला लागावं," तो म्हणाला. "मी गाठतोच तुम्हाला."

तिसऱ्या दिवशी एक आजोबा गुपचूप त्याच्यामागून उतरले. आठवड्याने रांग लागली, आणि बायकांनी तर पंपवाल्याकडून आपल्या बाजूच्या मुतारीची किल्लीही मिळवली.

सहाव्या महिन्यात रिपोर्ट स्वच्छ आला, स्टिअरिंग वाचलं. पाठोपाठ साहेबांची नोटीस आली: बस रोज नऊ मिनिटं उशिरा का?

त्याने खुलाशात खरं तेच लिहिलं. दोन मिनिटं माझी, बाकीची सात प्रवाशांची.