डबा दाखवा

जानेफळच्या जनकाबाईची कंबर कापूस वेचण्यात गेली. बीटी बियाणं आल्यापासून बोंडं एकदमच फुटायची आणि मालकाला घाई सुटायची. गावातल्या एका इंजेक्शनवाल्यानं दुखण्यावर सुई दिली, अन् दुसऱ्या दिवशी ती सगळ्या बायकांच्या पुढं होती. असे दोन हंगाम गेले. मग सुई चुकली की हातपाय मोडून यायचे, नाक गळायचं. एके दिवशी सुईच्या पैशासाठी तिचा हात सुनेच्या कानातल्यांकडे गेला. त्याच दिवशी ती एस.टी.त बसली आणि व्यसनमुक्ती केंद्रात गेली. कुणी नेलं नाही, आपण होऊन गेली. हे ती ठासून सांगायची.

केंद्रात जिभेखाली ठेवायची गोळी मिळे. आठवडाभराच्या गोळ्या घरी देत, पण दर गुरुवारी लघवी तपासत. सुईचं औषध त्यात दिसायला नको, गोळीचं दिसायला हवं. ते दिसलं नाही तर माणूस गोळ्या विकतो असं धरत. लघवी देताना दार उघडं, बाहेर एक बाई उभी. पहिल्यांदा जनकाबाई रडली होती. दुसऱ्या खेपेला तीच म्हणाली, "दार अजून उघड माय, चांगलं पाह्य. माह्यापाशी लपवाले काई नाई."

दीड वर्ष सुरळीत गेलं. मग इंद्रभान नावाचा नवा तपासनीस आला. महिनाभर त्याच्याकडे मोजकेच जण धाडत; मग एका गुरुवारी जनकाबाईचा नंबर त्याच्याकडे लागला. त्यानं लघवीत तपासणीची पट्टी बुडवली आणि तिच्या कार्डावर लाल शाईनं शेरा मारला.

"बाई, गोळीचा पत्ताच नाही. कोणाले विकता?"

"रोज सकायी जिभेखाली असते. सुनेसमोर."

"सगळे असंच म्हणतात. आता घरी गोळ्या बंद. रोज इथं येऊन घ्या."

रोज येणं म्हणजे वेचणी बुडणं. रांगेतल्यांनी माना खाली घातल्या. जनकाबाईनं खुर्ची ओढली अन् बसली.

"डबा दाखवा."

"कशाचा?"

"पट्ट्यायचा. सातवी शिकली मी. इंग्रजी अक्षरं वळखता येतात मले."

तिनं पिशवीतून गोळीचं रिकामं पाकीट काढलं आणि डब्याशेजारी धरलं. एकेका अक्षरावर बोट ठेवत गेली. डब्यावर पाच औषधांची नावं होती. पाचही वेगळी.

"याच्यात माह्या गोयीचं नावच नाई. मंग पट्टी तिले वळखन कशी? मले चोर काऊन म्हनता?"

"बाजूला व्हा."

"नाई होत. डॉक्टरीनबाई येईपर्यंत हलत नाई."

दोन तासांनी डॉक्टर यास्मीन आल्या. त्यांनी डबा पाहिला, कपाटातून दुसरा काढला. गोळीची पट्टी वेगळीच असते. इंद्रभाननं ती कधी उघडलीच नव्हती. जनकाबाईनं पुन्हा लघवी दिली, दार उघडं ठेवून. गोळी सापडली. सुईचा मागमूस नव्हता.

"मावशी, चूक आमची," डॉक्टर म्हणाल्या. इंद्रभाननं गोळ्या पुढं केल्या. तिनं हात लावला नाही.

"आधी लाल शेरा खोडा. सही करा."

त्यानं केली.

"आन् या महिन्यात अजून कोनाकोनाले असंच परत धाडलं?"

डॉक्टरांनी रजिस्टर उघडलं. चार नावं निघाली. तिथंच बसून त्यांनी चौघांना फोन लावले. तिघं परत आले. मलकापूरचा हमाल फहीम आला नाही. त्याचा फोन बंदच राहिला.

इंद्रभाननं पुढं दोनदा माफी मागितली. एकदा तिच्यावरच्या शेऱ्याची, ती तिनं दिली. दुसऱ्यांदा फहीमला परत धाडल्याची, ती मात्र दिली नाही. "थे त्याले माग," म्हणाली, "मले नोको."