दादाच्या डोक्यावरचं लायसन्स

चाळिशी उलटली तरी घरात तिचं नाव धाकटीच. तिचा रागही त्याच मापाने मोजला जायचा. ती चिडली की दादा हसून म्हणायचा, "झालं, धाकटीचं दूध उतू गेलं," आणि आई गॅस बंद करायला उठावं तशी तिला गप्प करायला उठायची.

दुकान वडिलांनी काढलेलं. ढेकूण, झुरळं, वाळवी, उंदीर, म्हणाल ते मारून मिळेल. वडील गेल्यावर खुर्चीत दादा बसला आणि खुर्चीमागच्या अंधाऱ्या खोलीत धाकटी. औषध मोजून पाण्यात मिसळायचं, फवाऱ्याच्या नळ्या धुवायच्या, दादाचे कामाचे कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे भिजवायचे आणि वर दिवसभर फोन घ्यायचा. कोणाकडे तान्हं बाळ आहे, कोणाला दमा आहे, कोणाकडे पोपट आहे, हे सगळं तिने खोदून खोदून विचारायचं आणि दादाने "हो गं बाई, कळतं मला" म्हणत फवारा पाठीला लावून चालू पडायचं.

मग नियम आला. काम लायसन्सवाल्या माणसाच्या देखरेखीखालीच, नाहीतर दुकानाला कुलूप. दादा परीक्षेला दोनदा बसला आणि दोन्ही वेळा आपटला. दोष अर्थातच पेपर काढणाऱ्याचा. "जन्म गेला झुरळं मारण्यात, हे मला काय शिकवणार?" कुलपाची वेळ आली तेव्हा कुठे त्याला आठवलं, की आपल्या बहिणीने कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं होतं. ते कॉलेज दुकानासाठी आपणच तिला अर्ध्यावर सोडायला लावलं, हे मात्र सोयीने आठवलं नाही.

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी शिपाई तिला म्हणाला, "मॅडम, ब्युटी पार्लरचा वर्ग खालच्या मजल्यावर."

"असू दे. मला वरचाच हवाय."

तोंडी परीक्षेला साहेबांनी मिशीतल्या मिशीत हसत विचारलं, "काय हो, पाल दिसली की किंचाळता का?"

"पाल आमचंच काम फुकटात करते, साहेब. किंचाळू कशाला?"

साहेबांनी हसू गिळलं आणि मग खरे प्रश्न काढले. घरात माशांची टाकी असेल तर? ती म्हणाली, "आधी हवेची मोटर बंद करायची, मग टाकी झाकून कडा चिकटपट्टीने बंद करायच्या. मोटर खोलीतली हवा पाण्यात सोडते ना, औषधही त्या हवेबरोबर आत जातं." ती पहिल्या फटक्यात पास झाली.

लायसन्स आलं तसं दादाने ते काचेच्या फ्रेममध्ये घातलं आणि स्वतःच्या खुर्चीच्या बरोबर वर टांगलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा, "आपलं लायसन्स!" त्या 'आपलं'ने तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"मग मी कामावर कधीपासून जाऊ?"

"तू? लोकांच्या बेडरूममध्ये शिरून गाद्या उलथणार? आणि इथे फोन कोण घेणार, मी?"

आई म्हणाली, "नाव तुझंच लागलंय ना भिंतीवर? मग झालं तर."

ती परत फोनपाशी जाऊन बसली. तिचं नाव भिंतीवर, फवारा दादाच्या पाठीवर, आणि देखरेख काय ती भिंत करत होती.

असेच एकदा टेलरकाकांचा फोन आला. दुकान बंद करून घरीच शिवणकाम करणारे एकटे म्हातारे. स्वयंपाकघरात झुरळांनी उच्छाद मांडला होता. "पण माझ्याकडे मासा आहे बरं का," ते म्हणाले. "घरात बोलणारे आम्ही दोघंच. त्यातही तो कमी बोलतो."

ती हसली. "काही काळजी करू नका, काका. टाकी झाकू, मोटर बंद करू." दादा निघताना तिने दोनदा बजावलं. दादा म्हणाला, "हो गं बाई, कळतं मला."

दुसऱ्या दिवशी टेलरकाका दुकानात आले ते हातात झाकलेलं पातेलं घेऊन. त्यांनी ते दादासमोर टेबलावर ठेवलं आणि झाकण काढलं. नारिंगी मासा उलटा तरंगत होता.

"टाकी झाकलीच नाही तुम्ही," ते म्हणाले. "मी बाहेर जिन्यात बसलो होतो. तुमच्या भरवशावर."

दादाने पातेल्याकडे बघितलं आणि सरळ हात वर केले. "हे बघा, लायसन्स हिचं आहे. जबाबदारी हिची. ते काय, नाव वाचा."

इतके दिवस 'आपलं' असलेलं लायसन्स एका क्षणात 'हिचं' झालं!

टेलरकाकांनी मान वर करून नाव वाचलं, मग तिच्याकडे वळले. "फोनवर तुम्हीच होतात ना? काळजी करू नका म्हणालात?"

तिला दादाचं तोंड फोडावंसं वाटलं, अगदी खरंखुरं. पण म्हातारा तिच्याकडे बघत होता, आणि बोलायचं त्याच्याशी होतं.

"हो, मीच," ती म्हणाली. "ज्याला एक टाकी झाकता येत नाही, त्याच्या डोक्यावर मी माझं नाव टांगू दिलं. चूक माझीच आहे, काका."

ती स्टुलावर चढली आणि तिने फ्रेम खिळ्यावरून काढली.

"अगं, दुकान बंद पाडशील!" दादा ओरडला.

"पाडीन. मी नसेन तिथे फवारा उघडायचा नाही. उघडलास तर तक्रार घेऊन पहिली मी जाईन."

आई आतून धावत आली. "अगं, घरातलं भांडण असं चारचौघांत..."

"आई, आज दूध उतू गेलेलं नाही. तू गॅसकडे जाऊ नकोस."

मग टेलरकाकांकडे वळून तिने विचारलं, "झुरळं गेली?"

"कसली जातायत. मेला तो मासाच."

ती सामान घेऊन त्यांच्या मागोमाग त्यांच्या घरी गेली. त्यांनी दार उघडलं, 'या' म्हटलं नाही, नुसते बाजूला झाले. शिलाई मशीनच्या शेजारी टाकी होती. आत प्लास्टिकचं हिरवं झुडूप, आणि मोटर चालूच. रिकाम्या पाण्यात बुडबुडे येत होते.

"बंद करायला हात होईना," काका म्हणाले.

तिने प्लग काढला. बुडबुडे थांबले. मग पिशवीतून जाड प्लास्टिक काढून ती टाकी झाकायला लागली.

"आता कशाला झाकता?" काका एकदम ओरडले. "आत आहे काय वाचवायला?"

"हे आधी करायचं असतं, काका," ती म्हणाली. तिचाही आवाज चढला होता. "बाकी सगळं नंतर."

ती चिकटपट्टी दातांनी तोडत होती. काकांनी मशीनवरची कात्री उचलून तिच्यापुढे धरली. कापडाची कात्री होती ती, टेलर लोक जी कागदालासुद्धा लावू देत नाहीत.

"माफ केलं असं समजू नका," ते म्हणाले. "ती मागची कड सुटलीय. नीट लावा."